पडल्याचं निमित्त

आमच्या बेळगावात सुतकात कुणाच्या घरी भेटायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "चांगल्या हिंडत-फिरत होत्या हो. न्हाणीत पाय घसरला. पडल्याचं निमित्त झालं बघा." समोरच्या चार बायका मान हलवतात, कुणीतरी "वयही झालं होतंच की" म्हणतं, आणि विषय तिथंच मिटतो.

आपल्या स्वाध्यायात निमित्त आणि उपादान यांची चर्चा पुष्कळ चालते. घडा होतो तो मातीचा. कुंभार, चाक, दांडा ही सगळी निमित्तं. मग पडणं हे निमित्त असेल, तर माणूस गेलं ते कशानं? मोडलं होतं खुब्याजवळचं हाड. हाड मोडल्यानं हृदय थांबत नाही. तरी पडल्यापासून दोन-चार महिन्यांत, फार तर वर्षभरात, ती बाई जाते, आणि आपण सगळे ते धरूनच चालतो.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. पानिपत, वसईचा तह, गोलमेज परिषद, सगळं सनावळीसकट पाठ केलं. म्हाताऱ्या बाईच्या मोडलेल्या मांडीलाही इतिहास असतो हे मात्र मला पुण्याच्या भाचीनं सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं आधी हाताची मूठ वळून दुसऱ्या तळव्यात धरली आणि खुब्याचा सांधा दाखवला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते कमरेच्या वाटीत फिरतं. चेंडू आणि खालचं लांब हाड यांना जोडणारी जी बारीक जागा, ती हाडाची मान. वय झालं, हाडं ठिसूळ झाली, की पडल्यावर मोडतं ते इथं. आणि चेंडूला रक्त जातं ते मुख्यतः या मानेवरूनच. मान मोडली की रक्ताची वाटही तुटते, त्यामुळं सांध्याच्या आत मोडलेलं हाड आपसूक जुळण्याचा फारसा संभव राहत नाही. मनगट मोडलं तर प्लास्टर घालून महिना-दीड महिन्यात जुळतं, तसं हे नाही.

हे दोनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. लंडनचे सर अॅस्टली कूपर हे त्यांच्या काळचे फार मोठे सर्जन. १८२२ साली त्यांनी सांधे निखळणं आणि हाडं मोडणं यावर ग्रंथ लिहिला. म्हाताऱ्या माणसाची ही मान सांध्याच्या आत मोडली तर ती जुळत नाही, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलं. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जुळत नसेल तर उगाच महिनोन् महिने फळ्या बांधून निजवून ठेवू नका, पायाखाली उशी द्या, दोन आठवड्यांत दुखणं उतरलं की उठवून खुर्चीत बसवा, मग कुबड्या द्या, असा त्यांचा सल्ला होता. स्वतःला असं झालं तर स्वतःसाठीही हेच सांगेन, असंही ते म्हणाले होते. म्हणजे भुलीचं औषधही नव्हतं त्या काळात या माणसाला एवढं दिसलं होतं की मोडलेल्या हाडापेक्षा अंथरूण अधिक वाईट.

पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जग उलट्या दिशेनं गेलं. हाड जुळलंच पाहिजे असा हट्ट आला. फळ्या आल्या, वजनं आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन यांनी पाय फाकवून छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालण्याची रीत काढली. काहींची हाडं त्यानं जुळलीही. पण सत्तर वर्षांची बाई तशा प्लास्टरात महिनेच्या महिने कशी राहत असेल, हे ज्यानं अंथरुणातल्या माणसाला एकदा तरी कुशीवर वळवलंय त्याला सांगायला नको.

माझ्या आज्जीला प्लास्टर नव्हतं, विटा होत्या. चिकोडीच्या पलीकडं आमचं खेडं. मी दुसरीत असेन. आज्जी गोठ्यात पडली. आधी हाडवैद्य आला, मग तालुक्याहून डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, वजन लावा. खाटेच्या पायथ्याचे दोन पाय विटांवर चढवले, आज्जीच्या पायाला पट्टी गुंडाळून दोरी बांधली, दोरी कप्पीवरून सोडली आणि टोकाला आणखी विटा. आम्हा पोरांना ती वीट हलवायची नाही अशी ताकीद होती. आठवड्यानं आज्जी बरळायला लागली. आईला आई म्हणेना, वहिनी म्हणायला लागली. "वात झालाय," असं सगळे म्हणाले. मग पाठीला जखम झाली. खोलीला एक वास यायला लागला, तो मला अजून ओळखता येतो. मग खोकला, मग ताप. दीड महिन्यात आज्जी गेली. घरी भेटायला येणाऱ्यांना आत्या सांगायची, पडल्याचं निमित्त झालं.

आता मी जे वाचलंय त्यावरून एकेक गोष्ट जागेवर बसते. पडून राहिलं की फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया. पायातलं रक्त साकळतं, ती गाठ सुटून फुप्फुसात गेली की माणूस घटकेत जातं. एकाच जागी भार पडून कातडी मरते. स्नायू झरझर वितळतात. लघवीला जंतू होतात. दुखणं, ताप, निर्जळी आणि अनोळखी खोली यांनी मिळून भ्रम होतो, त्यालाच आपण वात म्हणतो. लंडनचे एक डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक छोटासा, चांगलाच तिरकस लेख लिहिला. फुप्फुसं, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू, हाडं, आतडी असं एकेक अवयव घेऊन, निजवून ठेवल्यानं त्याचं काय होतं ते त्यात आहे. आज्जीच्या खाटेशी उभं राहून लिहिल्यासारखा तो लेख वाटतो. आज्जी पडली त्याच्या पाव शतक आधीचा.

दरम्यान हाडाचा प्रश्न सर्जन लोकांनी बराचसा सोडवला होता. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन, मूळचे नॉर्वेचे, यांनी १९२५ साली तीन पाती असलेला पोलादी खिळा वापरून मोडलेली मान ठोकून बसवली. पुढं स्वीडनच्या योहानसन यांनी तो खिळा पोकळ केला, म्हणजे आधी बारीक तार घालून एक्स-रेत दिशा बघायची आणि मग तारेवरून खिळा सरकवायचा. चेंडूच निकामी झाला असेल तर धातूचा चेंडू बसवायचा, हे अमेरिकेच्या ऑस्टिन मूर यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. 'ऑस्टिन मूर' हे नाव आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या हाडांच्या डॉक्टरांच्या तोंडी आजही असतं. एखाद्या गावाचं नाव घ्यावं तसं ते घेतात.

हाड बसलं. म्हातारी माणसं तरी जातच राहिली. कारण सर्जन खिळा ठोकून पुढच्या रोग्याकडे जाई, आणि खिळा ठोकलेली बाई परत त्याच खाटेवर.

इथं गोष्टीत दुसरी माणसं येतात, आणि त्यातली पहिली बाई आहे याचा मला, काय सांगू, फार आनंद झाला. डॉ. मार्जरी वॉरन. लंडनजवळच्या आयझलवर्थ इथल्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात त्या होत्या. त्यांचा ओढा खरं तर शस्त्रक्रियेकडे. १९३५ साली शेजारचा गरीबखान्याचा दवाखाना त्यांच्या हॉस्पिटलला जोडला गेला आणि तिथले ७१४ 'कायमचे आजारी' त्यांच्या वाट्याला आले. कुणालाच नको असलेलं काम बाईकडे आलं असंच मला वाटतं, निदान आपल्याकडचा अनुभव तरी तोच आहे. त्या खाटांवर पक्षाघाताची माणसं होती, वेडसर होती, मोडलेल्या हाडांची होती, आणि नुसती म्हातारी, घर नसलेलीही होती. वर्षानुवर्षं निजून होती, कारण एकदा निजवल्यावर कुणी तपासलंच नव्हतं.

वॉरनबाईंनी प्रत्येकाला तपासलं. कुणाला काय झालंय ते लिहिलं, वेगवेगळं केलं. भिंतींना उजळ रंग दिला, धरायला कठडे लावले, उजेड वाढवला, आणि माणसांना उठवून बसवायला लागल्या. त्यातली पुष्कळ उठली. काही चालत घरी गेली. त्यांनी नवं औषध काही आणलं नव्हतं. पुढं १९४३ पासून त्यांनी लेख लिहून मांडलं की वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा असली पाहिजे, ती मोठ्या हॉस्पिटलातच असली पाहिजे, आणि तिथं डॉक्टर, नर्स, व्यायाम शिकवणारे, घरची चौकशी करणारे असे सगळे मिळून काम करणारे हवेत. १९६० साली मोटारीच्या अपघातात त्या गेल्या. तोवर इंग्लंडात ही शाखा उभी राहिली होती.

युद्धाच्याच काळात ऑर्पिंग्टनला लायनेल कोझिन नावाच्या सर्जनकडे असेच शेकडो जुनाट रोगी आले. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि लगेच उठवलं. ती चालायला लागलेली बघून हा सर्जन पुढं स्वतःच वृद्धांचा डॉक्टर झाला. ऑक्सफर्डला त्यांनी वृद्धांसाठी डे हॉस्पिटल काढलं, सकाळी यायचं, व्यायाम-औषध-जेवण घ्यायचं, संध्याकाळी घरी.

पण दोन डॉक्टर एकाच खाटेशी आले ते हेस्टिंग्जला. हेस्टिंग्ज म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या १०६६ च्या लढाईचं गाव. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, हवा बरी, त्यामुळं पेन्शन घेतलेली मंडळी तिथं राहायला जात. म्हातारी माणसं जास्त म्हणजे मोडलेले खुबेही जास्त. हाडांचे सर्जन मायकेल डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर रॉबर्ट अर्व्हाइन या दोघांनी १९६० च्या सुमारास ठरवलं की हे रोगी दोघांचे. शस्त्रक्रिया लवकर करायची, अशी करायची की पायावर लगेच भार देता आला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी उठवायचं. मग ती बाई अर्व्हाइन यांच्या देखरेखीखालच्या वॉर्डात जाई, आणि आठवड्याला दोघं मिळून राउंड घेत. राउंडला नर्स असे, फिजिओथेरपिस्ट असे, घरी जिना आहे का, संडास कुठं आहे, सोबत कोण आहे हे विचारणारी सोशल वर्करही असे. सर्जननं हाडाकडे बघायचं आणि फिजिशियननं छातीकडे, अशी वाटणी त्यांनी मोडली.

वाचायला हे किती साधं वाटतं! दोन डॉक्टरांनी एकत्र राउंड घेणं. पण हॉस्पिटलमध्ये दिवस काढलेल्या कुणाही बाईला विचारा.

माझ्या सासूबाई २०१६ च्या नोव्हेंबरात पडल्या. वय ८१. मंगळवारी पहाटे बस्तीत दर्शनाला निघाल्या होत्या, उंबऱ्याशी पाय अडकला. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. मोठं होतं, लिफ्ट होती, नाव मी घेत नाही. हाडांचे डॉक्टर चांगले होते, फोटो बघून म्हणाले, उद्या करून टाकू. मग फिजिशियन आले, म्हणाले, इको पाहिजे. इकोचे डॉक्टर बाहेरून येणारे. भूलतज्ज्ञांना साखरेचा आकडा पटेना. सासूबाईंनी मंगळवारी साडेपाचला चार घास भात खाल्ला होता. रात्री बारापासून उपाशी ठेवा असं सांगितलेलं. बुधवारी दिवसभर ऑपरेशनची वाट बघितली. साडेसहाला वॉर्डबॉय सांगून गेला, आज नाही. आता खायला द्या.

बाहेर अंधार पडलेला. सासूबाईंचा जन्मभराचा नेम, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. नर्स म्हणाली, "आजारपणात चालतं की हो आजी." सासूबाई नुसत्या हसल्या. रात्री बारापासून पुन्हा उपाशी ठेवायचं होतंच, कारण गुरुवारी यादीत नाव होतं. गुरुवारी दुपारी चारला पुन्हा 'आज नाही.' म्हणजे त्या माउलीच्या पोटात जवळजवळ दोन दिवस सलाईनच्या पाण्याखेरीज काही नव्हतं. भेटायला आलेल्या एक बाई हात जोडून म्हणाल्या, उपवास घडला हो यांना. गुरुवारी रात्री सासूबाई चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या बहिणीला हाका मारायला लागल्या आणि सलाईनची नळी ओढून काढली. मला आज्जीची खोली आठवली.

या चार दिवसांत माझं काम काय होतं? प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर, तिथून रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये, तिथून पुन्हा वर. एका डॉक्टरांनी काय सांगितलं ते दुसऱ्यांना सांगायचं. दुसरे काय म्हणाले ते तिसऱ्यांना. मला कळतंय तेवढं, कळत नव्हतं ते तसंच. हेस्टिंग्जला ज्या गोष्टीसाठी दोन नामांकित डॉक्टर एकत्र आले, ते काम आपल्याकडे सून करते. पिशवी घेऊन.

सुटका केली ती एका तरुण भूलतज्ज्ञ मुलीनं. शुक्रवारी सकाळी ती खाटेच्या कडेला बसली, सगळी फाइल वाचली, आणि तिथूनच तिघांना एकापाठोपाठ फोन लावले. दहा मिनिटं लागली असतील. आणि मला विचारलं, "आजी रात्री खात नाहीत का?" मग शनिवारच्या यादीत पहिलं नाव सासूबाईंचं लागलं. शुक्रवारी उजेडातच त्यांना पोटभर खाऊ घालायला सांगितलं गेलं. शनिवारी ऑपरेशन झालं, रविवारी वॉकर धरून त्या दोन पावलं चालल्या. पुढं सहा वर्षं होत्या. बस्तीत जायच्या, रिक्षानं.

खाण्याचं मी एवढं सांगतेय त्याला कारण आहे. वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात खुबा मोडलेल्या ३०२ बायकांवर एक अभ्यास झाला, २००६ साली तो छापून आला. निम्म्या बायकांना नेहमीची सेवा. निम्म्यांना त्याशिवाय एक मदतनीस, जिचं काम एवढंच की यांना काय आवडतं ते विचारायचं, ताट हाताशी ठेवायचं, भरवायचं, अधूनमधून काही प्यायला द्यायचं. नेहमीच्या सेवेतल्या शंभरातल्या दहा बायका वॉर्डातच गेल्या. मदतनीस असलेल्यांत चार. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आपल्या घरात हे काम आपण फुकट करत आलो, त्याला कुणी उपचार म्हटलं नाही. आणि हॉस्पिटलात मात्र ताट लांबच्या टेबलावर ठेवून नेतात.

हेस्टिंग्जची पद्धत चांगली आहे हे कळूनही ती पसरायला चाळीस वर्षं लागली. याचं कारण मला तरी माणसांच्या स्वभावात दिसतं. खाट कुणाची, पगार कुठल्या विभागातून, जबाबदारी कुणाची, यावर सगळं अडतं. स्वीडननं १९८८ मध्ये खुबा मोडलेल्या रोग्यांची देशभर नोंद ठेवायला सुरुवात केली. कोण कधी आला, ऑपरेशन कधी झालं, चार महिन्यांनी कुठं आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली हाडांच्या सर्जनांची संघटना आणि वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना यांनी मिळून एक निळ्या कव्हरचं पुस्तक काढलं आणि साध्या अटी लिहिल्या. चार तासांत रोगी वॉर्डात, ४८ तासांत ऑपरेशन, पाठीला जखम होता कामा नये, वृद्धांच्या डॉक्टरांची देखरेख, हाडांच्या ठिसूळपणावर औषध, आणि पुन्हा पडू नये म्हणून तपासणी. त्याच वर्षी राष्ट्रीय नोंदवहीही सुरू झाली. २०१० पासून तर सरकारनं पैसाच बांधला. ३६ तासांत ऑपरेशन आणि दोन्ही डॉक्टरांची देखरेख अशा सगळ्या अटी पाळल्या तर त्या रोग्यामागं हॉस्पिटलला जादा रक्कम.

नोंद ठेवली की काय होतं ते बघा. २००७ मध्ये इंग्लंडात आलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणाऱ्यांचं प्रमाण ५४.५ टक्के होतं, २०११ मध्ये ते ७१.३ वर गेलं. महिन्याभरात दगावणारे १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आले. दोन-अडीच टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. तिथं दरवर्षी साठ-सत्तर हजार खुबे मोडतात. हिशेब करा, दीड हजार माणसं होतात.

अगदी घाई केली तर आणखी वाचतील का, हेही बघून झालं. १७ देशांतल्या सुमारे तीन हजार रोग्यांचा तो अभ्यास २०२० साली आला. सहा तासांत ऑपरेशन केलेले आणि चोवीस तासांत केलेले यांच्यात दगावण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पण सहा तासवाल्यांना भ्रम कमी झाला आणि ती लवकर उभी राहिली. म्हणजे तासाभराच्या उशिरानं जीव घाबरा करायचं कारण नाही. आपल्याकडे मोजायचे असतात ते दिवस.

आपल्या देशात हरयाणातल्या रोहतक जिल्ह्यात ही मोजणी झालेली आहे. पन्नाशीपुढच्या लाख माणसांत वर्षाला १२९ खुबे मोडतात, बायकांत १५९, पुरुषांत १०५. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात मद्रासला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी केली. इंग्लंडात ते ही शाखा शिकून आले आणि १९७८ साली तिथल्या सरकारी हॉस्पिटलात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग काढला. १९९६ मध्ये तिथं या विषयात एम.डी. सुरू झालं. म्हणजे वॉरनबाईंचा धागा आपल्यापर्यंत आलेला आहे, फार लांबून आणि फार बारीक. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात हाडांचे उत्तम सर्जन पुष्कळ आहेत. वृद्धांचा डॉक्टर सुनेला हाक मारल्यावर भेटत नाही.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं होतं, पण लिहितेच. पंच्याऐंशीच्या पुढची बाई पडली की घरात एक वाक्य निघतं, "कशाला आता चिरफाड? शांतपणे जाऊ दे." आमच्या समाजात त्यापुढं कुणीतरी हलकेच सल्लेखनेचं नाव काढतं. मी एका घरात हे ऐकलं, आणि आतल्या खोलीत ती बाई कूस बदलताना किंचाळत होती. सल्लेखना घेणारा जागा असतो, स्वतः मागतो, गुरूंची आज्ञा घेतो, मनानं शांत झालेला असतो. या बाईनं काही मागितलं नव्हतं. तिचं हाड मोडलं होतं आणि ते दुखत होतं. ऑपरेशन हे पुन्हा चालण्यासाठी असतं तसं दुखणं थांबवण्यासाठीही असतं, चालण्याची आशा नसली तरीही डॉक्टर ते सुचवतात, ते याचसाठी. हृदय फारच अशक्त असेल, माणूस शेवटालाच आलं असेल, तर करू नये असंही डॉक्टर सांगतात. पण ते तपासून सांगायचं असतं, ओसरीत बसून ठरवायचं नसतं.

भाचीला मी विचारलं होतं, या सगळ्यात आमच्या वयाच्या बायकांनी काय करायचं? आम्ही छप्पन्न-सत्तावन्नच्या. अजून खाटेच्या या बाजूला, फाइल धरणाऱ्या. ती म्हणाली, मावशी, खुबा एकदम मोडत नाही. आधी मनगट मोडतं. पन्नाशीत पडताना बाई हात पुढं टाकते, मनगट जातं. सत्तरीत हात पुढं टाकायला वेळ मिळत नाही, कुशीवर पडते, खुबा जातो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला १९९९ मध्ये एक सोय सुरू झाली. पन्नाशीपुढचं कुणीही छोटं-मोठं हाड मोडून आलं की एक नर्स त्या व्यक्तीला गाठते, हाडांची घनता मोजायची तपासणी करवते, औषध सुरू झालं की नाही बघते. पहिल्या मोडीवरच पुढची मोड अडवायची. आता बऱ्याच देशांत तशा नर्स आहेत.

आमच्या श्राविका मंडळात मी हे बोलले तेव्हा बावीस बायका होत्या. गेल्या पाच-सहा वर्षांत मनगट कुणाचं मोडलंय, विचारलं. चार हात वर झाले, त्यातला एक अजून नीट वर जात नव्हता. प्लास्टर काढल्यावर हाडांची घनता तपासून घ्या असं चौघींपैकी एकीलाही सांगितलं गेलं नव्हतं. चौघी पुढच्या सोमवारी मिळून गेल्या. तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, टोचत नाहीत, उपाशीपोटी जायचं नसतं. दोघींची हाडं ठिसूळ निघाली. त्यांना औषध सुरू झालंय, आणि एकीनं न्हाणीत दोन्ही बाजूंना धरायला नळ्या बसवून घेतल्यात.